उजव्या गालाचा गुन्हा

"हसताय कुणाला? ओ सानप! तुमालाच म्हणतोय. हसताय कुणाला?"

आमचे प्राचार्य ओरडले की मीटिंगच्या खोलीतला पंखा भिऊन एक नंबर कमी होतो. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. पण कॉलेजमागच्या माळावर चरणाऱ्या शेळ्या त्या आवाजाला मान वर करतात, हे मी वर्गाच्या खिडकीतून स्वतः पाहिलंय. आणि शेळी हा प्राणी उगाच कुणाची दखल घेत नाही.

मीटिंग मूल्यांकन समितीची होती. समिती यायची होती आणि गेल्या पाच वर्षांत न झालेले सगळे कार्यक्रम पंधरा दिवसांत झालेले दाखवायचे होते, फोटोंसकट. एकाच दिवशी पाच शर्ट बदलून पाच फोटो काढले की पाच वर्षं होतात, हा शोध प्राचार्य आम्हाला समजावून सांगत होते. मी वही उघडून माना हलवत होतो. सतरा वर्षांच्या नोकरीत मी इतक्या माना हलवल्यात की माझ्या मानेवर एखादी पिठाची गिरणी चालली असती.

"मी हसत नाही, साहेब," मी म्हणालो. पण 'म' आणि 'ब' ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून फुस्सकन निसटले, पंक्चर ट्यूबमधून हवा जावी तसे.

"बघा, बघा! तोंडावर हसतोय अन् वरून म्हणतोय हसत न्हाई!"

मला सोडून टेबलाभोवती स्टाफची तेवीस माणसं होती. सगळ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आमच्या संस्थेच्या थोर परंपरेप्रमाणे लगेच नजरा वह्यांत घातल्या. एकीनं तेवढ्या घातल्या नाहीत. नसरीन शेख. माझ्याच भूगोल विभागात त्या तासिका तत्त्वावर शिकवायच्या. तासिका तत्त्व म्हणजे तासांपुरती नोकरी, सत्रासत्राला नवी नेमणूक आणि कधीही हातात नारळ. त्यांच्या वडिलांचं पाटोद्याच्या बाजारात फळांचं दुकान. शेख मॅडमनी मोबाईलचा पुढचा कॅमेरा चालू केला आणि तो टेबलावरून माझ्यासमोर सरकवला.

"बघा सर."

मी बघितलं. डावी बाजू ओल्या धोतरासारखी लोंबत होती. डावा डोळा सताड उघडा. आणि उजवा ओठ? तो थेट कानाच्या दिशेनं निघालेला. अख्ख्या जगाला तुच्छ लेखणारा एक इसम मोबाईलमधून माझ्याकडे बघून कुत्सित हसत होता. असं हसायची माझी सतरा वर्षांची इच्छा होती. हिंमत नव्हती. ती माझ्या गालानं परस्पर दाखवली होती.

सकाळी चहा शर्टावर सांडला तेव्हा मी कपाला शिव्या दिल्या होत्या. चूळ भरताना पाणी आरशावर उडालं तेव्हा ब्रशला. तोंडाचा संशय काही आला नाही. माझा आजार पहिल्यांदा ओळखला तो प्राचार्यांनीच. त्यांच्या आयुष्यात त्यांनी बिनचूक निरीक्षण केल्याचा हा एकमेव प्रसंग आहे, म्हणून नोंदवून ठेवतो.

दात दाखवा

बीडला जाईपर्यंत मला खात्री होती की हा अर्धांगवायूच आहे. गाडीत मी दर दोन मिनिटांनी डावा हात वर करून बघत होतो. शेजारी बसलेली बायको, सुनंदा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे. ती म्हणाली, "हात खाली घ्या. लोकांना वाटतंय प्रचाराला निघालेत."

ती हे म्हणाली खरी, पण तिची बोटं माझ्या उजव्या दंडात रुतलेली होती. दोन दिवस त्या बोटांचे वळ गेले नाहीत.

डॉक्टर तरुण होते, शांत होते. "भुवया वर करा." एक गेली. "डोळे मिटा." एक मिटला. "दात दाखवा." अर्धे दिसले. मी सगळं अर्धं अर्धं करत गेलो. पन्नास टक्के म्हणजे आमच्या विद्यापीठात पास होतो, पण डॉक्टरांनी मान हलवली.

"अर्धांगवायू नाही," ते म्हणाले. "चेहऱ्याची नस सुजलीय. का सुजते ते नक्की सांगता येत नाही. बहुतेकांचं पुष्कळसं बरं होतं. काहींना आठवडे लागतात, काहींना महिने. लवकर आलात ते बरं केलंत. कामाचा ताण आहे का?"

"मी कॉलेजात आहे," मी म्हणालो.

"हां," असं म्हणून त्यांनी पुढं विचारायचंच सोडलं.

मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि मुद्द्याचं बोलले. तोंडाचं बघून घेऊ, काळजी डोळ्याची आहे. पापणी मिटत नाही. डोळा कोरडा पडतो, त्यात धूळ गेली तर बुबुळावर जखम होते, आणि ती जखम चिघळली तर नजर जाते. थेंब घाला, झोपताना मलम लावून पट्टी चिकटवा आणि तीन आठवडे धुळीत, वाऱ्यात जाऊ नका. तीन आठवड्यांची रजा घ्या. दाखला देतो.

ज्यांना हा आजार होईल त्यांच्यासाठी सांगतो: तोंडापेक्षा डोळ्याला जपा. वाकड्या तोंडानं भाकरी खाता येते. पाणी चमच्यानं पिता येतं. घास गालात अडकला तर बोटानं काढता येतो, त्यात लाज कसली. डोळा मात्र एकदाच मिळतो.

रजा आणि अट

दाखला घेऊन मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला, उजेडाकडे धरला. नोट खरी का खोटी बघतात तसा.

"तोंड वाकडं झालंय नं? मंग पायांना कावून रजा पायजे?"

"डोळा, साहेब. धूळ गेली तर—"

"आमाला न्हाई का डोळे? आमी धुळीतच वाढलो. हे बघा सानप, आधी त्या हसण्याचा निकाल लागू द्या. आजाराच्या आडून हसून घ्यायचं, असं चालत न्हाई. माफीनामा द्या. 'मी हेतुपुरस्सर हसलो, पुन्हा हसणार नाही.' सही करा. रजा घ्या. जावा."

दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली. अशी नोटीस महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाला आली असेल तर त्यानं कळवावं, आपण दोघं संघटना काढू. 'आपण दिनांक अमुक रोजी मा. प्राचार्य यांचे मार्गदर्शन सुरू असताना चेहऱ्याच्या उजव्या भागाने अनादरपूर्वक हास्य केले, याबाबत आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करू नये.' 'उजव्या भागाने' हे शब्द त्यांचेच. म्हणजे डावी बाजू आजारी आहे हे माहीत होतं. माहीत असून लिहिलं होतं. मी ते पत्र तीनदा वाचलं. माणूस इतका क्षुद्र असूनही त्याला पूर्ण मापाची खुर्ची लागते, याचं मला फार नवल वाटलं.

तोवर आणखी एक शत्रू उभा राहिला होता. आमच्याकडे व्हरांड्यात हजेरीचं यंत्र आहे. समोर उभं राहिलं की ते चेहरा ओळखतं आणि एक बाई आतून गोड आवाजात नाव घेते. त्या बाईनं मला ओळखायचं बंद केलं. "चेहरा जुळत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा." मी बोटानं गाल वर ओढून उभा राहिलो. "चेहरा जुळत नाही." दोन बोटांनी ओठ सरळ केला, पापणी धरली. मागे पोरं उभी राहून व्हिडिओ काढत होती. "चेहरा जुळत नाही." हेडक्लार्क काकडे स्वभावानं भला माणूस, म्हणजे पाप करताना त्याला वाईट वाटतं. त्यानं रजिस्टरात माझ्यापुढं रोज लिहायला सुरुवात केली: 'व्यक्ती हजर, चेहरा गैरहजर.'

आणि माफीनामा देत नाही म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी आदेश निघाला. मैदान सपाटीकरण समितीचा समन्वयक म्हणून माझी नियुक्ती. समिती येणार म्हणून मैदानावर मुरूम टाकायचा होता. जेसीबी आला, मुरमाचे हायवा ट्रक आले. आमचं कॉलेज पाटोदा आणि शिरूर कासारच्या मधल्या एका उघड्या माळावर आहे. तिथं वारा सुटला की धुळीत बैल हरवतो आणि संध्याकाळी दुसऱ्याच गावात सापडतो. त्या धुळीत मला सकाळी दहा ते पाच उभं राहायचं होतं. हायवाच्या खेपा मोजायला. भूगोलाचा प्राध्यापक म्हणून मातीचं ज्ञान असतंच, असं आदेशात कौतुकानं लिहिलं होतं.

मी डोळ्याला पोहण्याचा चष्मा लावला. भाच्याचा होता, निळा, त्याच्यावर मासे काढलेले. ज्या माळावर माणूस टँकरची वाट बघतो तिथं पोहण्याचा चष्मा घालून उभा राहिलेला मी पहिलाच. जेसीबीचा ड्रायव्हर यंत्र बंद करून खाली उतरला.

"सर, पानी कुटं हाय?"

"येणार आहे," मी म्हणालो.

त्यानं बिचाऱ्यानं खरंच आभाळाकडे बघितलं.

कबुतर

घरी वेगळीच आघाडी होती. आई म्हणाली, "वारं गेलंय." तिनं नारायणगडाला नवस बोलून टाकला, मला न विचारता, माझ्या पायांच्या भरवशावर: तोंड सरळ झालं की घरापासून अनवाणी. मामा एका पिशवीत जिवंत कबुतर घेऊन आले. कबुतराचं रक्त गालाला चोळलं की नस उघडते, हे त्यांना कुणीतरी शिरूरच्या बाजारात सांगितलं होतं. आई माळकरी. तिनं कबुतर सोडलं आणि मामांना धरलं. कबुतर मात्र गेलं नाही, पत्र्यावरच राहिलं. रोज सकाळी मान वाकडी करून एका डोळ्यानं माझ्याकडे बघायचं. मीही एका डोळ्यानं बघायचो. त्या दिवसांत माझ्याकडे दया न दाखवता बघणारं ते एकटंच.

व्यायामासाठी एक दिवसाआड संध्याकाळी बीडला जात होतो. शिट्टी वाजवायची, फुगा फुगवायचा, गाल फुगवून धरायचे. पन्नाशीचा प्राध्यापक तीन दिवस एका लाल फुग्याशी झुंजत होता आणि फुगा जिंकत होता. तिथं एक म्हातारी यायची, तिची उजवी बाजू गेलेली. मला म्हणाली, "तुमचं काय न्हाई ओ. माझे हाल बघा. सुनेला अर्ध्याच शिव्या देता येतेत." मी हसलो. हसताना तोंड आणखी वाकडं झालं, ते बघून ती हसली, तिचं दुसऱ्या बाजूनं वाकडं झालं. दोघांचं मिळून एक पूर्ण हसू झालं. त्या महिन्यातलं तेवढंच.

मैदानावरच्या सहाव्या दिवशी डोळा लाल झाला. चष्म्याच्या कडेतून बारीक माती आत जातच होती. डॉक्टरांनी डोळ्यात पिवळं औषध घालून निळा उजेड मारला आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. "बुबुळावर ओरखडा आहे. मी सांगितलं होतं. अजून आठवडाभर असं चाललं तर पुढचं मी सांगू शकत नाही."

घरी आल्यावर सुनंदानं माफीनाम्याचा कागद माझ्यापुढं ठेवला. मजकूर तिनंच लिहिला होता. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे. त्या अक्षरात ते अजूनच घाण दिसत होतं.

"सही करा."

"मी हसलो नव्हतो."

"माहितीय मला."

"मग खोटं लिहून देऊ?"

"सतरा वर्षं मान हलवताय. शर्ट बदलून फोटो काढताय. न झालेल्या शिबिरांचे अहवाल मी तुम्हाला लिहून दिलेत, माझ्या हातानं. आत्ता एका सहीनं काय झिजणार आहे तुमचं?" आणि मग आवाज फुटला तिचा. "डोळा आहे हो तो. डोळा."

तिचा हिशेब बरोबर होता. मी पेन घेतलं. सही करायच्या जागेवर टेकवलंही. पण या मेल्या गालाला काय झालं कुणास ठाऊक, मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर खुलासा लिहिला:

'महोदय, सदर दिवशी माझी डावी बाजू आजारी असल्याने तिने कोणतीही प्रतिक्रिया दिली नाही. हसल्यासारखी दिसली ती उजवी बाजू पूर्णतः निरोगी असल्याचे डॉक्टरांनी प्रमाणित केले आहे. आपले मार्गदर्शन ऐकताना निरोगी भाग असा का दिसतो, याचा खुलासा वैद्यकशास्त्राकडे मागावा.'

दुसऱ्या दिवशी तो नव्या कागदावर उतरवून आवक विभागात दिला. काकडेनं वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "सर," तो म्हणाला, "तुमी मरताय. अन् मला हसायची चोरी."

बावीस सह्या

त्या दिवशी प्राचार्य असे ओरडले की शेळ्यांनी माळ बदलला.

मग निवेदन तयार झालं. 'आम्ही खाली सह्या करणारे शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी साक्ष देतो की प्रा. सानप हे मा. प्राचार्यांना उद्देशून हसले.' ते संस्थेच्या अध्यक्षांकडे जायचं आणि त्यावरून मला निलंबित करायचं. निलंबित माणसाची रजा मंजूर होत नाही, पण मैदानावरून सुटका होते, असा एक फायदा मला काकडेनं समजावून सांगितला. तोच पॅड घेऊन सह्यांसाठी फिरत होता.

सह्या झाल्या. अर्थशास्त्रवाले म्हणाले, घरी दोन पोरी आहेत. इतिहासवाले म्हणाले, इतिहास त्यांना माफ करणार नाही, आणि सही केली. मराठीवाल्यांनी सही करण्याआधी निवेदनातलं शुद्धलेखन सुधारलं. सगळ्यात कमाल डोईफोडेची. डोईफोडे माझा सतरा वर्षांचा मित्र, एका ताटात जेवलेला. मीटिंगला तो अंगानं हजर होता, पण मागच्या खुर्चीत वही तोंडापुढं धरून झोपलेला होता, रोजच्याप्रमाणे. त्यानं सही तर केलीच, वर पेननं एक शब्द घातला: 'खळखळून'. प्रा. सानप हे खळखळून हसले. झोपेत दिसलं असेल.

मी कुणालाही काही बोललो नाही. बोलणार कुठल्या तोंडानं? हे अक्षरशः घ्या.

बावीस सह्या झाल्या. तेविसावी झाली नाही. शेख मॅडमनी पॅड वाचला आणि काकडेला परत दिला.

इथं एक मागची गोष्ट सांगायला लागते. गेल्या वर्षी अशाच मीटिंगमध्ये शेख मॅडम उभ्या राहिल्या होत्या. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं आणि किल्ली प्राचार्यांच्या केबिनमध्ये असते, मुलींना आणि आम्हाला मागायला जावं लागतं, ती बाहेर ठेवा, एवढंच त्या म्हणाल्या. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमच्या अब्बाच्या फळाच्या दुकानात संडास हाय का? न्हाई नं? तिथं दिवस निघतोय, अन् हितंच कावून अडतंय?" सगळे हसले. शेख मॅडम उभ्याच होत्या. हसू संपेपर्यंत उभ्या राहिल्या, मग बसल्या. किल्ली अजून केबिनमध्येच आहे.

तर त्यांनी सही केली नाही. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. केबिनचं दार लावलेलं होतं, पण त्या आवाजाला दारं लागत नाहीत. "पुढच्या सत्राची ऑर्डर मीच काढतो, इसरू नका." आतून मॅडमचं काहीच ऐकू आलं नाही. त्या बाहेर आल्या, माझ्यासमोरून गेल्या, वर्गात जाऊन त्यांनी खडकांचे प्रकार शिकवले.

बिनविरोध

बावीसवर भागेल असं प्राचार्यांना वाटलं. फाइल आणि काकडे, दोन्ही गाडीत घालून ते अध्यक्षांच्या मळ्यावर गेले. पुढचं काकडेनं मला सांगितलं, आणि तो माझ्यासारखा तिखटमीठ लावणारा नाही.

अध्यक्षांना सगळे आबा म्हणतात. आबांची सोसायटी बिनविरोध, दूध संघ बिनविरोध, गावची पंचायत तीन वेळा बिनविरोध. त्यांच्या घरात जेवायला काय करायचं हेसुद्धा बिनविरोध ठरतं. या एका शब्दावर त्यांनी चाळीस वर्षं राजकारण केलंय. विरोध मोडून काढण्याइतके ते तरबेज आहेत, पण विरोध कागदावर दिसला की त्यांना खाल्लेलं पचत नाही.

"किती सह्या?" आबांनी विचारलं.

"बावीस, आबा."

"स्टाफ किती?"

"सानप सोडून तेवीस."

"मंग एक कावून न्हाई?"

"ती तासिकेवरची बाई हाय. तिचं काय एवढं—"

"कायम न्हाई ती?"

"न्हाई."

आबांनी फाइल मिटली. "तासावरची बाई तुमाला आवरत न्हाई, अन् तुमी समिती आवरणार? उद्या ही बाई गेली पेपरवाल्याकडं तर? माझ्या संस्थेत आजपोतर एक ठराव विरोधानं झाला न्हाई. बिनविरोध आणा, न्हाईतर फाडा. अन् त्या मास्तराला सुट्टी द्या. डोळा फुटला तर ते बी माझ्याच नावावर."

फाइल फाडायचं काम काकडेला मिळालं. तो म्हणतो, 'खळखळून'वाला तुकडा त्यानं ठेवून घेतलाय.

माझी रजा त्याच दिवशी मंजूर झाली. लाल शाईत, शेरा एकच: 'मानवतेच्या दृष्टिकोनातून.'

पापणी

तीन आठवडे मी घरात राहिलो. सुनंदा रोज डोळ्यावर पट्टी चिकटवायची, कडा दाबायची आणि म्हणायची, "झालं. दुकान बंद." भांडणाविषयी ती पुन्हा बोलली नाही, मीही नाही. त्या मोत्यासारख्या अक्षराचं काय झालं मी विचारलं नाही.

भीती कशाची वाटत होती ते सांगतो, म्हणजे कुणाला वाटत असेल तर एकटं वाटू नये. नजर जाण्याची वाटत होतीच. पण त्याहून विचित्र भीती ही, की तोंड असंच राहिलं तर मी जन्मभर हसताना दिसणार. पोर गेलेल्या घरी, प्रेतापुढे, पोलीस ठाण्यात. लोक म्हणणार, बघा, हसतोय. आणि मला प्रत्येकाला खुलासा द्यावा लागणार.

बाविसाव्या दिवशी डोळ्यात साबण गेला आणि पापणी खाली आली. पूर्ण नाही, पण आली. मी न्हाणीतून ओरडलो. आई देव्हाऱ्यापुढून उठून धावत आली, तिला वाटलं पडलो. पुढच्या आठवड्यात 'प' आला. मग 'ब'. मग एके सकाळी कबुतराकडे बघून मी शिट्टी मारली आणि ते उडून गेलं ते गेलंच. नारायणगडाला अनवाणी गेलो. पायांना जे फोड आले त्यांवर वेगळी अनुभवकथा होईल. आज तोंड जवळजवळ सरळ आहे. थकलो की डावा ओठ अजून जरा मागे राहतो, आळशी विद्यार्थ्यासारखा.

दिवाळीनंतर कॉलेज सुरू झालं. यंत्रापुढं उभा राहिलो. "चेहरा जुळला. धन्यवाद." खरं सांगतो, त्या पत्र्याच्या बाईला मी नमस्कार केला.

मग विभागात गेलो. माझ्या टेबलावर नवं वेळापत्रक होतं. शेख मॅडमचे सगळे तास माझ्या नावावर लावलेले. 'कार्यभार नसल्याने' त्यांची दुसऱ्या सत्राची ऑर्डर निघाली नव्हती. मी विभागप्रमुख म्हणून अर्ज दिला की कार्यभार आहे, हा बघा, माझ्या डोक्यावर ठेवलाय. अर्जावर आवक क्रमांक पडला. पुढे काही पडलं नाही. दुसरा दिला. तिसरा विद्यापीठाला पाठवला. आयुष्यात पहिल्यांदा मी खरी घटना लिहून पाठवत होतो, म्हणून असेल, कुणाला ती फाइल कुठे लावायची ते कळत नव्हतं.

पाटोद्याच्या बाजारादिवशी त्यांच्या वडिलांच्या दुकानात गेलो. सीताफळांचा हंगाम संपत आला होता. वडील नमाजला गेले होते, शेख मॅडम एकट्याच बसल्या होत्या. पिकलेली सीताफळं एकीकडे आणि कच्ची गवतात दाबून दुसरीकडे ठेवत होत्या.

"आले का सर. बसा. तोंड चांगलं झालं."

मी अर्जांचं सांगितलं. त्यांनी ऐकलं, हात चालूच होते. मी आणखी बरंच बोललो. आबांची नक्कल करून दाखवली, डोईफोडेचं 'खळखळून' सांगितलं, पोहण्याचा चष्मा सांगितला. त्या हसल्या नाहीत. माझ्या गोष्टी फुकट जायची मला सवय नाही. शेवटी बोलायचं संपलं आणि जे विचारायला आलो होतो ते विचारलं.

"मॅडम, तुम्ही सही का नाही केली? नोकरी गेली तुमची. माझ्यासाठी कशाला केलंत?"

त्यांनी एक सीताफळ अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि कच्च्यांत ठेवलं.

"तुमच्यासाठी न्हाई केलं. तुमी हसत नव्हते, सर. तुमी हसता तेव्हा दोन्ही गाल वर जातात. किल्लीसाठी उभी होते, त्या दिवशी मी बघितलंय."